तहाच्या कलमातले पार्ले

मराठी मनाचा 'जर-तर' बहुधा पानिपतावर जाऊन थांबतो. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचं पानिपत' या कथेतही इतिहासाला फाटा फुटतो तो विश्वासरावांना गोळी लागते की चाटून जाते, या एका क्षणापाशी. कथा प्रत्ययकारी आहेच. मात्र विलेपार्ल्यात राहून ती वर्षानुवर्षे शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांना तिच्यापाशी अडखळायला होई, कारण त्यांच्या पायांखालच्या जमिनीचा निकाल गोळीने लागलेला नव्हता.

पार्ले हे मुंबईलगतच्या साष्टीतले गाव. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात लढून घेतला हे खरे. पण पुढचा सारा प्रवास कलमांचा आहे. १७७५ मध्ये सुरतेस रघुनाथरावांनी साष्टी लिहून दिली. १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांनी ती परत करण्याचे कबूल केले, कलकत्त्याने ते नाकारले, आणि १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती कायमची गेली. वसई तेवढी परत मिळाली.

या काळात पुण्याचे राजकारण एका जागतिक युद्धात ओवले गेले होते. सेंट लुबिन हा फ्रेंच वकील १७७७ मध्ये पुण्यास आला. पुढच्याच वर्षी फ्रान्स अमेरिकन वसाहतींच्या बाजूने युद्धात उतरला. १७८० मध्ये नाना फडणविसांनी निजाम, हैदर व नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र गुंफले. हेस्टिंग्जने निजाम आणि भोसले यांना त्यातून अलगद सोडवले. महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाई ठरल्यावरही नानांनी मान्यता लांबवली. ७ डिसेंबर १७८२ ला हैदर वारला आणि तो धागाही तुटला. बुसी फ्रेंच फौज घेऊन पूर्व किनाऱ्यावर उतरला तो मार्च १७८३ मध्ये.

कल्पित इतिहासाला याहून मोठा अवकाश कोणता? तरी मराठी कल्पनेला तो फारसा खुणावत नाही. प्राध्यापकांच्या मते कारण कथनरूपात आहे. बखरीने दिलेल्या शोकात्मिकेला एक देह लागतो, एक क्षण लागतो. तहापाशी असतात वकील, थैल्या, लांबलेली उत्तरे. उत्तर न देणे हीच जिथे कृती, तिथे कथाकाराने नजर रोखावी कुठे?

एका विद्यार्थिनीने विचारले, नाना आणखी तीन महिने थांबले असते तर? त्यांनी सांगितले, २० जानेवारी १७८३ ला युरोपात इंग्रज-फ्रेंचांचा प्राथमिक तह झालाच होता. बातमी जूनच्या अखेरीस कडलूरला पोचली आणि बुसीची लढाई थांबली. तिने तारीख टिपून घेतली. मग बातमी जहाजावर होती त्या पाच महिन्यांचे काय, असे तिने विचारले, तोवर तास संपला होता.