ऐकणाऱ्याचं ऐकणारं कुणीतरी

"समुपदेशन शिकायला इतकी वर्षं कशाला लागतात? बोलायचंच तर असतं!" हा प्रश्न मला लग्नकार्यात हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याचं अगदीच चुकत नाही म्हणा. बहुतेक घरांत एखादी मावशी असतेच, जिच्यापाशी सगळे मन मोकळं करतात. ती कुठे कोर्सला गेली होती?

पण मावशीकडे आपण आपल्या मर्जीने जातो. शाळेतल्या समुपदेशकाकडे मूल बऱ्याचदा पाठवलं जातं. आणि समोर बसलेली ताई अजून शिकतेय हे त्याला कळतंच असं नाही. शिकाऊ डॉक्टरच्या मागे जसं मोठं माणूस उभं असतं, तसं इथेही हवंच.

म्हणून प्रॅक्टिकम आणि सुपरव्हिजन. आमच्याकडे पाच-सहा विद्यार्थ्यांचा गट असतो. कुणी शाळेत जातं, कुणी वस्तीतल्या संस्थेत. आठवड्यातून एकदा सगळे जमतात. क्लायंटची आणि लहान मूल असेल तर पालकांचीही संमती असेल तरच रेकॉर्डिंग. नाहीतर सेशन संपल्यावर आठवेल तसं शब्दशः लिहून आणायचं. त्याला आम्ही व्हर्बेटिम म्हणतो.

गंमत अशी, की लिहून आणलेलं आणि रेकॉर्ड झालेलं कधीच जुळत नाही. कागदावर असतं, 'मी तिला बोलू दिलं'. रेकॉर्डिंगमध्ये मात्र ऐकू येतं, "हो, पण तू असा विचार करून बघ ना..." विद्यार्थी खोटं बोलत नसतात. आठवणच आपल्याला जरा बरं दाखवते.

हे फार पूर्वी कार्ल रॉजर्सच्या लक्षात आलं होतं. 1940 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत असताना, त्याने समुपदेशनाची संभाषणं ग्रामोफोनच्या तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केली. 1942 साली एका क्लायंटच्या आठही भेटींचा शब्दशः मजकूर पुस्तकात छापला. आपण क्लायंटला मुळीच दिशा देत नाही असं समजणारी मंडळी प्रत्यक्षात बरीच दिशा देत असतात, हे तबकड्यांनीच दाखवून दिलं!

पण तंत्र सुधारणं हा त्यातला सोपा भाग. एक उदाहरण सांगते, ओळख पटेल असं सगळं बदलून. दहावीतली मुलगी म्हणाली, "मला घरी जावंसंच वाटत नाही." आमच्या विद्यार्थिनीने विचारलं, "बरं, अभ्यास कितपत झालाय?"

गटात हे ऐकलं तेव्हा कुणी हसलं नाही. मी एवढंच विचारलं, "ती घरी जावंसं वाटत नाही म्हणाली, तेव्हा तुला काय झालं गं?" ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, मला भीती वाटली. तिने खरंच काही सांगितलं असतं तर मी काय केलं असतं?"

बस्स! अभ्यासाचा प्रश्न मुलीसाठी नव्हताच. तो विचारणारीने स्वतःच्या बचावासाठी विचारला होता.

भीतीही अगदी खरी होती. घरी जावंसं न वाटण्याची शंभर कारणं असू शकतात, त्यातलं एक लैंगिक अत्याचाराचं असू शकतं. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अशी माहिती कळली तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे "सांगते, पण कुणाला सांगणार नाही ना?" या प्रश्नाला पटकन "नाही गं" म्हणण्याची सोय नाही. गुप्तता कुठपर्यंत, हे मुलांना कळेल अशा शब्दांत पहिल्याच भेटीत सांगावं लागतं. त्या दिवशी आम्ही तेवढाच सराव केला. एकीने मुलगी व्हायचं, दुसरीने ताई. आणि तसं काही निघालंच, तर कुणाला फोन करायचा, शाळेत कुणाशी बोलायचं, हे नावानिशी लिहून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात विद्यार्थिनीने आधी गुप्ततेचं नीट सांगितलं. मग म्हणाली, "मागच्या वेळी तू घराचं काहीतरी सांगत होतीस." आणि थांबली. मुलगी बोलली. काय बोलली ते इथे महत्त्वाचं नाही. तिच्यासाठी जागा झाली, ते महत्त्वाचं.

सुपरव्हिजन म्हणजे चुका काढणं, असं नवीन विद्यार्थ्यांना वाटतं. मला ते ओझं वाटून घेणं वाटतं. तेवीस वर्षांच्या मुलीने दुसऱ्याचं एवढं दुःख एकटीनेच डोक्यात घेऊन बसमध्ये बसू नये. तसं बसावं लागलं, की माणसं एकतर मोडतात किंवा बधिर होतात. बधिर झालेला समुपदेशक तर फारच गोड बोलतो!

आणि हे पदवीपाशी संपत नाही. जाणते समुपदेशकही कुणाकडे तरी जाऊन आपलं काम मांडतात. कधी कुणाकडे जायची वेळ आली, तर फीबरोबर हेही खुशाल विचारा, "तुम्ही सुपरव्हिजन घेता का?" चांगल्या माणसाला या प्रश्नाचा राग येणार नाही.