पहिला साबण घमघमीत हवा

जगात सल्ला देणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. नवशिक्या माणूस दिसला की एक पंथ म्हणतो, 'जपून!' आणि दुसरा म्हणतो, 'मार उडी!' पोहण्यापासून पैसे गुंतवण्यापर्यंत बहुतेक सगळ्या बाबतींत मी पहिल्या पंथाचा माणूस आहे. बादलीतल्या पाण्यात बोट बुडवून पाहिल्याशिवाय मी तांब्यासुद्धा अंगावर घेत नाही. पण एका बाबतीत मात्र मी दुसऱ्या पंथाला जाऊन मिळालो आहे. ती बाब म्हणजे दाढीचा साबण. ज्याने वाटी, ब्रश आणि सेफ्टी रेझर घेऊन दाढी करायचे नुकतेच मनावर घेतले आहे, त्याला मी बेधडक सांगतो की, बाबा रे, पहिला साबण असा घे, की तू न्हाणीघराचे दार उघडताच बाहेरच्या खोलीतल्या माणसाने वर्तमानपत्रातून मान वर केली पाहिजे.

हे सांगण्याची वेळ माझ्यावर हल्ली वरचेवर येते. आमचे ताथवडे 2009 साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले आणि जिथे शेते होती तिथे उंचच उंच इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींतून रोज सकाळी हिंजवडीच्या दिशेने जाणारी तरुण मुले पाहिली, की त्यांना कशाचीच उसंत नसावी असे वाटते. पण का कोण जाणे, यांतल्या काही मुलांना आजोबांच्या पद्धतीची दाढी करण्याची हौस उपजली आहे. डब्यातून फुसकन निघणारा फेस आणि एकावर एक रचलेली पाच पाती यांना ती कंटाळली आहेत. अशा एका पाच पात्यांच्या तुकड्याच्या किमतीत साध्या दुधारी पात्यांची कितीतरी पाकिटे येतात, हा हिशोबही त्यांनी केलेला असतो. मग लिफ्टमध्ये कोणी तरी विचारतो, 'काका, तुम्ही अजून ब्रशने दाढी करता ना? साबण कुठला घेऊ?'

काकांनी तोंड उघडण्याआधीच बहुधा माझे एक स्नेही उत्तर देऊन मोकळे होतात. ते माझ्याच मजल्यावर राहतात आणि पहिल्या पंथाचे कट्टर अनुयायी आहेत. 'बिनवासाचा घे,' ते सांगतात, 'सुगंधी द्रव्यांनी चेहरा चुरचुरतो. आणि वासाच्या भपक्याखाली साबणाचे दोष झाकले जातात. आधी हात बसू दे, मग हवी ती चैन कर.'

त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. काही कातड्यांना सुगंध सोसत नाही, हे खरेच आहे. दाढीच्या साबणाचा खरा गुण वासात नसतो, हेही खरे. अंगाच्या साबणाचा फेस भराभर होतो आणि भराभर विरतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असते आणि त्याला सोडा क्षाराबरोबर पोटॅश क्षाराचीही जोड दिलेली असते. त्यामुळे त्याचा फेस सायीसारखा दाट होतो आणि गालावर ठाण मांडून बसतो. हे काम बिनवासाची वडीही तितक्याच इमानाने करते. मग माझा आग्रह कशासाठी?

आग्रह अशासाठी, की दाढी शिकणाऱ्याची अडचण साबणाची नसतेच, ती धीराची असते. किंग कॅम्प जिलेट याला 1904 साली सेफ्टी रेझरचे पेटंट मिळाले. तेव्हापासून या हत्याराला 'सुरक्षित' म्हणण्याची पद्धत पडली आहे. पण पहिल्या आठवड्यात ते तसे वाटत नाही. पाते गालाशी साधारण तीस अंशांचा कोन करून धरायचे, दाब द्यायचा नाही, रेझरच्या वजनानेच ते खाली उतरू द्यायचे, केस कुठल्या अंगाने वळतात ते बोटांनी चाचपायचे, आणि हे सगळे आरशातल्या उलट्या माणसाकडे पाहून करायचे! हनुवटीखाली दोन-चार ठिकाणी रक्त येते. तुरटी झोंबते. पाच मिनिटांचे काम पंचवीस मिनिटांना जाते आणि खाली कंपनीची बस हॉर्न वाजवीत असते. चौथ्या दिवशी ब्रश फळीवर जातो आणि पुन्हा डब्यातला फेस खाली येतो. अशा किती तरी वाट्या ताथवड्याच्या फळ्यांवर कोरड्या पडल्या असतील.

त्या चौथ्या दिवशी माणसाला पुन्हा आरशासमोर आणून उभे कोण करील? हात तर अजून वैरी आहे. गाल नाराज आहेत. उरले नाक. दाढी हे अक्षरशः नाकाखाली चालणारे काम आहे, आणि तरी या कामात नाकाला कोणी विचारीत नाही! वाटीत ब्रश फिरू लागला, चंदनाचा किंवा लव्हेंडरचा दरवळ वर आला, की माणूस नकळत एक खोल श्वास घेतो. खोल श्वास घेणाऱ्याचा हात सावकाश चालतो. ज्याला फेसाचा वास आवडतो, तो फेस गालावर दोन-तीन मिनिटे जास्त घोळवतो. तेवढ्यात दाढीचे केस पाणी पिऊन मऊ होतात आणि पात्याचे निम्मे काम हलके होते. म्हणजे जो धीर धरावा असे माझे स्नेही तोंडाने सांगतात, तोच धीर घमघमीत साबण न बोलता शिकवतो.

दिवाळीच्या घरात ही गोष्ट खरे तर सांगायलाच नको. नरकचतुर्दशीला पहाटेच्या थंडीत लहान मुलांना अंथरुणातून काय उठवते? शास्त्र नव्हे. वाळा, नागरमोथा, कचोरा, आंबेहळद घातलेले उटणे तेलात कालवले जाते आणि त्याचा वास पांघरुणात शिरतो, तेव्हा पोरे डोळे चोळीत पाटावर येऊन बसतात. 'पहिली काही वर्षे याला नुसत्या डाळीच्या पिठाने न्हाऊ घाला, सवय झाली की मग सुगंधी उटणे द्या,' असे कुठल्याही आजीने सांगितल्याचे मला आठवत नाही. आजीला ठाऊक असते, की आधी गोडी लागली पाहिजे. शिस्त तिच्या मागून येते.

माझ्या लहानपणी गावाकडे दाढीला वास नव्हता. आमचे नाभिक तात्या आठवड्यातून एकदा धोकटी घेऊन येत. ओसरीवर बसून ते वस्तरा पट्ट्यावर फटफट घासत, वाटीत साबणाचा तुकडा फेसाळत. संत सेना न्हावी यांनी याच धोकटीतला आरसा आणि चिमटा थेट अभंगात नेऊन ठेवला, हे मला तात्यांनीच सांगितले. त्यांच्या साबणाला मात्र फक्त साबणाचा वास येई. आप्पा, म्हणजे माझे वडील, पुण्याला नोकरी करीत आणि दिवाळीला चार दिवस घरी येत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत एक सुवासिक दाढीची वडी असे. पहाटे परसातून तो वास आला, की आम्हा भावंडांना डोळे न उघडताच कळे, आप्पा रात्रीच्या गाडीने आले! आप्पा फार बोलणारे नव्हते. त्यांनी जवळ घेतल्याच्या आठवणीही मोजक्याच आहेत. पण त्या प्रत्येक आठवणीला तो वास आहे.

पुढे कळले, की न्हाव्याच्या दुकानाचा म्हणून जगभर जो वास ओळखला जातो, त्याचा एक मोठा धागा म्हणजे वाळलेल्या गवताचा वास. कापून उन्हात टाकलेल्या गवतात कुमारिन नावाचे द्रव्य दरवळते. विल्यम पर्किन याने 1868 साली ते प्रयोगशाळेत बनवून दाखवले. पॅरिसच्या ऊबिगां या अत्तरवाल्यांनी 1882 साली 'फुजेर रोयाल' नावाचे अत्तर काढले, त्यात हे कुमारिन होते. लव्हेंडर, झाडावरचे शेवाळ आणि वाळके गवत यांच्या या घराण्याचे वंशज पुढे दाढीच्या साबणांत येऊन राहिले. मला हे वाचून मोठी गंमत वाटली. आमच्या ताथवड्यात पशुसंवर्धन खात्याचे वळूमाता प्रक्षेत्र आहे. गुरे आली की गवत आलेच. तेव्हा पॅरिसच्या अत्तरातला एक धागा आमच्या शिवारातही होता म्हणायचा!

आणि चंदनाची कथा तर थेट आपल्या शेजारची. पहिल्या महायुद्धामुळे म्हैसूर संस्थानातले चंदन युरोपात जाईना, तेव्हा संस्थानाने 1916 साली स्वतःच चंदनतेल काढण्याचा कारखाना उभारला. त्या तेलातूनच पुढे चंदनाचा प्रसिद्ध साबण आला. तो अंगाचा साबण. दाढीला त्याचा उपयोग नाही. पण आपल्याकडच्या दाढीच्या साबणालाही चंदन इतके शोभून दिसते, याचे मूळ या जुन्या ओळखीत असावे.

हे सगळे मी नुसता शौक म्हणून बोलत होतो, तोवर माझ्या स्नेह्यांचे पारडे जड होते. 2021 च्या एप्रिलने ते फिरवले. करोनाची दुसरी लाट होती. घरात आधी मी आजारी पडलो. ताप तीन दिवसांत उतरला. चौथ्या दिवशी जरा हुशारी वाटली म्हणून दाढीला बसलो. वाटीत ब्रश फिरवला, फेस चढला, आणि वास नाही! वडी नाकाला लावली. वास नाही. लवंग चावली, हिंगाची डबी उघडली. जीभ झोंबली, पण नाकात काहीच नाही. भिंतीशी बोलावे तसे झाले. सौभाग्यवतींनी दाराबाहेरून विचारले, 'अहो, काय झालं?' मी म्हटले, 'घर बंद झालं.'

माझे स्नेहीही त्याच दिवसांत आजारी होते. बिनवासाच्या साबणाने ते नेमाने दाढी करीत होते आणि आपले नाक गेले आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता. एका दुपारी गॅसवरची भाजी करपून घरभर धूर झाला, तेव्हा सूनबाईंनी धावत येऊन गॅस बंद केला. स्नेही तीन हातांवर खुर्चीत वाचत बसले होते. त्या दिवशी भाजीच जळली म्हणून बरे; भाजीच्या जागी नुसता गॅस सुटलेला असता तर? नाक ही चैनीची वस्तू नव्हे, घराचा राखणदार आहे, हे आम्हा दोघांनाही तेव्हा उमगले. आणि राखणदार जागा आहे की नाही, हे रोज सकाळी विचारणारा माझ्याकडे एक साबण होता.

डॉक्टरांनी धीर दिला आणि नाकाला व्यायाम सांगितला. जर्मनीत ड्रेस्डेन येथे थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली तो प्रसिद्ध केला होता. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी हे चार वास दिवसातून दोनदा, बारा आठवडे, मन लावून हुंगायचे. असे करणाऱ्यांची घ्राणशक्ती न करणाऱ्यांपेक्षा सुधारलेली त्यांना आढळली. मी चार बाटल्या मांडल्या आणि पाचवी म्हणून वाटी ठेवली. रोज सकाळी फेस चढवायचा, डोळे मिटायचे, आणि वास येत नसला तरी आठवायचा. कधी आप्पा आठवत, कधी परस. मे गेला, जून गेला. ऑगस्टातल्या एका सकाळी वाटीतून अगदी पुसट असे काही तरी आले. चंदन नव्हे, त्याच्या तळाशी असलेले वाळके गवत. मी तसाच फेसाळ तोंडाने स्वयंपाकघरात गेलो. सौभाग्यवती दूध तापवीत होत्या. 'दूध लागतंय,' मी म्हटले. त्यांनी पातेल्यात डाव फिरवून पाहिला आणि काही न बोलता पदर डोळ्यांना लावला.

तेव्हा माझी शिफारस पक्की आहे. तिला थोडी पथ्ये आहेत, तीही सांगतो. वडी लहान घ्या. फेस आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावा आणि एक दिवस वाट पाहा. खाज किंवा चट्टा आला, तर माझे न ऐकता माझ्या स्नेह्यांचे ऐका. घरात दम्याचे कोणी असेल तर त्यांना विचारा. वास कोरड्या वडीचा पाहू नका, फेसाचा पाहा; वराची परीक्षा मांडवात नव्हे, घरात होते. नुसता थंडावा म्हणजे वास नव्हे. पुदिन्याचे सत्त्व गाल गार करते, पण नाकाला फारसे काही सांगत नाही. चंदन, वाळा, लव्हेंडर, लिंबू, यांतले तुमच्या घरात कोणाला तरी आवडते ते निवडा. आणि आमच्याकडे इमारतींना पुष्कळदा बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी येते. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमने फेस फाटतो आणि वाटीला राखाडी साय चढते. दोष साबणाला देऊ नका. पिण्याच्या गाळलेल्या पाण्यातले अर्धी वाटी पाणी दाढीसाठी काढून ठेवा, की तीच वडी लोण्यासारखी वागू लागते.

हात बसला, की मग हवा तर बिनवासाचा साबण घ्या. माझे स्नेही मात्र आता उलट्या दिशेने निघाले आहेत. या दिवाळीला त्यांनी सूनबाईंकडून वाळ्याची एक वडी मागवली आहे. 'नाकाच्या तपासणीसाठी,' असे ते सांगतात. मी मान डोलावतो. सकाळी जिन्यात त्यांच्या दाराखालून वाळ्याचा दरवळ येतो, आणि तपासणी पंचवीस मिनिटे चालते.