पाय नसलेली धाव

इंग्रजीतलं ‘रन’ हे क्रियापद तिला पाचवीत भेटलं. सत्तरच्या दशकातली पुण्यातली मराठी शाळा. ‘रन, रॅन, रन’ असं सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा. अर्थ एकच, पळणे. घरी रेडिओवर बाळ ज. पंडित यांचं समालोचन असलं की त्यात हीच ‘रन’ मराठी ‘धाव’ होऊन येई. पण चेंडू थेट सीमापार गेला की फलंदाज जागचा हलत नाही आणि तरी खात्यावर धावा जमा होतात, हे तिला तेव्हाच खटकलं होतं.

पुढे ती एका मराठी दैनिकात उपसंपादक झाली. वृत्तसंस्थांच्या इंग्रजी बातम्या समोर येऊ लागल्या आणि पाचवीतला तो अर्थ पार अपुरा पडला. तिथे कारखाना ‘रन’ होई, बससेवा ‘रन’ होई, वर्तमानपत्र अग्रलेख ‘रन’ करी, रुग्णालयातल्या पुढाऱ्याचा तापसुद्धा! मराठीत कारखाना चालतो, अग्रलेख छापून येतो, ताप अंगात असतो. नाक वाहतं आणि कपड्याचा रंग जातो. पळत कुणीच नाही.

निवडणुकीच्या बातम्यांत वेगळीच मजा. ब्रिटनमधला उमेदवार निवडणुकीला ‘स्टँड’ होतो, अमेरिकेतला ‘रन’ होतो. एक उभा, दुसरा धावतोय, आणि दोघांनाही हवी असतात ती मतंच. अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला ‘रनिंग मेट’ म्हणतात, तो शब्द तर घोड्यांच्या शर्यतीतून आलेला. आपल्याकडचा उमेदवार आधी उभा राहतो आणि मग लढतो. पळतो तो बहुधा निकालानंतर, दुसऱ्या पक्षात.

१४ सप्टेंबर २००७ ला ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक बँकेबाहेर ठेवीदारांनी गर्दी केली. बँक ऑफ इंग्लंडकडे मदत मागावी लागल्याची बातमी आदल्या रात्री फुटली होती. ब्रिटनमध्ये १२५ हून अधिक वर्षांत असं घडलं नव्हतं. इंग्रजी मथळ्यांत ‘रन’ होता, छायाचित्रांत मात्र लोक तासन्‌तास रांगेत खोळंबलेले. तिने मथळ्यात ‘झुंबड’ लिहिलं. तो शब्द तिला आजही त्या इंग्रजी शब्दापेक्षा खरा वाटतो.

२०११ मध्ये लेखक सायमन विंचेस्टर यांनी या क्रियापदाचा हिशेबच मांडला. ऑक्सफर्ड कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर नऊ महिने या एका शब्दावर काम करत होते आणि क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. जुन्या आवृत्त्यांत सर्वाधिक अर्थांचा मान ‘सेट’चा होता. विंचेस्टर यांच्या मते ‘रन’ फुगला तो यंत्रयुगामुळे. इंजिनं, गिरण्या, घड्याळं आणि अखेर संगणकाचे प्रोग्राम, पाय नसलेल्या सगळ्यांना इंग्रजीने पळायला लावलं. तिला हे पटलं. तिच्या कार्यालयातही प्रोग्राम ‘रन’च करत, ‘चालवत’ कुणीच नसे.

निवृत्तीनंतर न्यू जर्सीतल्या नातवाला व्हिडिओ कॉलवर मराठी शिकवायचं काम तिच्याकडे आलं. तो खेळताना पडला की सगळे ‘लागलं का रे?’ विचारत, तेवढा अर्थ त्याला पक्का ठाऊक. मग एकदा भूक लागली, दिवा लागला, दूध खाली लागलं, गावात सिनेमा लागला, अशी उदाहरणं देत ती मामाला नोकरी लागल्यापर्यंत आली, तेव्हा त्याने काळजीने विचारलं, “आजी, खूप लागली का?”