आधी कारण, मग किंमत

जालन्यातल्या जुन्या घरांमध्ये लक्ष्मीपूजनाला चौरंगावर चारमिनारचा रुपया येतोच. आमच्याकडेही आहे. निजामाच्या राज्यात त्याला हाली म्हणत आणि इंग्रजांच्या रुपयाला कलदार. सहा कलदारांना साधारण सात हाली, असा हिशेब होता. चुकीची नाणी जमवायचा नाद लागला, तेव्हा मी पहिल्यांदा हाच रुपया भिंगाखाली धरला. मधल्या कमानीत एक अक्षर दिसलं. ऐन, म्हणजे निजाम उस्मान अलींच्या नावातलं पहिलं अक्षर.

सराफ्यातले एक वयस्कर सराफ आहेत, त्यांना मी काका म्हणतो. त्यांनी शेजारी दुसरा रुपया ठेवला. त्यातला ऐन अपुरा होता. ‘याला चूक म्हणून विकणारे भेटतील तुला,’ ते म्हणाले. ‘पण ठसाच तसा कोरला होता, पुढं बदलला.’ उस्मान अली १९११ साली, म्हणजे हिजरी १३२९ मध्ये गादीवर आले. त्यांच्या सुरुवातीच्या नाण्यांवर ऐन अर्धवट आहे, नंतरच्या नाण्यांवर पूर्ण. याला नाण्याचा वेगळा प्रकार म्हणायचं. टांकसाळीतून बाहेर पडण्याआधी जे नाणं बिघडलं, तेच चुकीचं. बाहेर आल्यावर झालेलं सगळं नुकसान.

ही रेघ ओढायला सोपी वाटते, पण माझा सगळा वेळ तिच्यावरच जातो. किराणा दुकानातल्या सुट्ट्या पैशांत काठाचा तुकडा गेलेला एक स्टीलचा रुपया मिळाला. वर्षाखाली चांदणी, म्हणजे हैदराबादची टांकसाळ. चारमिनारचे रुपये पाडणारी हीच टांकसाळ १९०३ साली सैफाबादला गेली आणि १९९७ मध्ये चेर्लापल्लीला. पत्र्यातून चकत्या कापताना कापणी आधीच्या भोकावर चढली, तर चकती चंद्रकोरीसारखी खाल्लेली निघते. पण कानस घेऊन बसलेला माणूसही तशी कोर पाडू शकतो. काकांच्या काट्यावर ४.८५ ग्रॅमचा तो रुपया साडेचारच्या आत भरला. अर्थात कानशीनंही वजन घटतंच. खरी खूण समोरच्या बाजूला असते. चकती छापाआधीच तुटकी असेल, तर उभी कड चढवताना तिथं पुरेसा दाब मिळत नाही आणि तुटक्या जागेच्या बरोबर समोरची कड फिकी, सपाट राहते. माझ्या रुपयाची कड तशीच आहे. शिवाय तुटक्या काठाजवळची अक्षरं अर्धवट कापलेली नाहीत; धातू तिकडं ओढला गेल्यानं ती किंचित पसरली आहेत. त्या दिवशी मला फार आनंद झाला.

लखीचं प्रकरण याहून अवघड. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या चकतीवर त्याचाच छाप बसतो. एका बाजूला सिंह उठावदार, दुसऱ्या बाजूला तेच सिंह उलटे आणि खोलगट. बाजारात अशा नाण्याला लखी म्हणतात आणि भावही तसाच सांगतात. म्हणून नकली फार. दोन नाणी एकावर एक ठेवून पकडीत दाबली, की खोलगट छाप येतो. पण तेव्हा मूळ आकडा त्या खड्ड्याखाली चिरडलेला दिसतो आणि मागची बाजूही चेपलेली असते. खऱ्या लखीत खोलगट बाजूला दुसरं काहीच नसतं. एका विक्रेत्यानं दाखवलेल्या नाण्यात सिंहाच्या मानेखाली गव्हाच्या लोंबीची एक दांडी उरली होती. मी ते परत केलं.

प्रत ठरवताना मी आता घाई करत नाही. उंच भागाकडं, म्हणजे सिंहाच्या छातीकडं आणि आयाळीकडं पाहतो. तिथं चमक आहे पण तपशील नाहीत, तर छाप हलका पडला. तपशील आणि चमक दोन्ही गेली असतील, तर नाणं वापरून झिजलं. पहिलं यूएनसी, म्हणजे न वापरलेलं, असू शकतं; दुसरं व्हीएफ, म्हणजे ‘व्हेरी फाइन’ प्रतीच्या पुढं जात नाही. चूक कितीही दुर्मीळ असली तरी झीज वेगळी लिहावी लागते. आणि चिंच, रांगोळी लावून घासलेलं नाणं मी घेतच नाही. चांदीचे कितीतरी सुंदर हाली घराघरांतल्या प्रेमळ हातांनी असे उजळून कायमचे पुसले गेले आहेत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

भावाबद्दल लोक हमखास विचारतात. जुन्या नाण्यांना लाखो रुपये देण्याचं आमिष रिझर्व्ह बँकेच्या नावानं दाखवलं जाऊ लागलं, तेव्हा २०२१ साली बँकेनं स्वतः सावध केलं होतं की अशा व्यवहारांशी आपला काही संबंध नाही. शेजारच्या काकू दहाचं नाणं घेऊन आल्या, तेव्हा मी त्यांना हेच सांगितलं. त्यांच्या नाण्याचा मधला गाभा एका बाजूला सरकलेला आहे. गाभा आणि कडं छापाच्या एकाच दाबात जोडले जातात. म्हणून गाभा खरंच टांकसाळीत सरकला असेल, तर कड्यावरच्या अक्षरांचा काही भाग गाभ्याच्या धातूवर उमटलेला दिसायला हवा. गाभा कुणी ठोकून काढून परत बसवला असेल, तर अक्षरं जोडाशीच तुटतील. काकूंच्या नाण्यावर एक अक्षर जोड ओलांडून गेलं आहे, पण दुसऱ्या बाजूला ठोकल्यासारखा ओरखडाही आहे. पाकिटावर मी वर्ष, वजन आणि ‘ओरखडा तपासणे’ एवढंच लिहिलंय. प्रतीची जागा तूर्त कोरी आहे.