डिकीचा स्वभाव

गाडीत सगळ्यांत जास्त सोसतं कोण, असं विचारलं तर मी डिकीचं नाव घेईन. इंजिनाचं तेल वेळेवर बदलतं, सीटांना कव्हरं चढतात, काचा रोज पुसल्या जातात. डिकीच्या वाट्याला आंब्याच्या पेट्या, लग्नाच्या बॅगा, ओल्या छत्र्या आणि गावाहून निघताना शेवटच्या क्षणी कोंबलेलं तांदळाचं पोतं. तिच्या मॅटखाली एक खोल खड्डा असतो आणि त्यात कधी लागेल सांगता येत नाही म्हणून वर्षानुवर्षं पडून राहिलेली स्टेपनी. तेल कमी झालं की डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. दार नीट बसलं नाही तर घंटी वाजते. डिकीत चार बोटं पाणी साचलं तरी गाडी ताकास तूर लागू देत नाही.

डिकी मात्र आपल्या परीने सांगत असते. पावसाळा सुरू होऊन आठवडाभर झाला की सकाळी काचा आतून धुरकट दिसू लागतात आणि ब्लोअर लावूनही लवकर साफ होत नाहीत. मागे बसलेलं कुणीतरी म्हणतं, कुबट वास येतोय. वळण घेताना मागून हिंदकळल्याचा आवाज येतो. मॅटवर हात फिरवावा तर ती कोरडी लागते, कारण पाणी तिच्या खालचा जाड नमदा पिऊन बसलेला असतो. मॅट उचलली की सगळं समोर येतं. स्टेपनीच्या टायरवर पाण्याची रेघ उमटलेली, जॅकला तांबूस गंज, पान्यांच्या पिशवीवर पांढरी बुरशी.

इथे बहुतेकांची पहिली चूक होते. पाणी खड्ड्यात दिसलं म्हणून ते खड्ड्यातून आलं, असं ते धरून चालतात. खड्डा ही डिकीतली सगळ्यांत खोलगट जागा. कुठूनही आलेलं पाणी शेवटी तिथेच जाणार. मधला प्रवास दिसत नाही. पाणी पत्र्याच्या पोटाला चिकटून उताराने सरकतं, दोन पत्र्यांच्या फटीत केशाकर्षणाने ओढलं जातं, वायरींच्या जुडग्यावरून ओघळतं आणि शिरलं तिथून हातभर लांब जाऊन ठिबकतं. कौलारू घरात राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. फुटलेलं कौल आढ्याजवळ असतं आणि पातेलं ठेवावं लागतं माजघरात. ओल दिसते ती मुक्कामाची जागा. शिरकाव कुठून झाला ते शोधावं लागतं, आणि तो सापडेपर्यंत कशालाही हात लावू नये, हे डिकीच्या बाबतीत मी सगळ्यांत महत्त्वाचं मानतो.

संशय पहिल्यांदा जातो तो रबरावर, कारण डिकी उघडली की डोळ्यांसमोर तेच येतं. गॅरेजमध्ये त्याला बीडिंगही म्हणतात. ते जवळून बघण्यासारखं असतं. हे बहुतेक ईपीडीएम जातीचं रबर, ऊन-पावसात वर्षानुवर्षं टिकणारं. त्याचा वरचा भाग पोकळ नळीसारखा, मऊ, दाबला की दबणारा. दबताना आतली हवा बाहेर जावी म्हणून त्याला बारीक छिद्रं ठेवलेली असतात. खालचा भाग चिमट्यासारखा असतो, त्यात धातूची पट्टी असते आणि तो पत्र्याच्या उभ्या कडेला घट्ट धरून बसतो. त्याचा सांधा बहुतेक गाड्यांत खाली, कुलपाच्या बाजूला ठेवतात. हा सांधा वर आला किंवा कोपऱ्यावर रबर ताणून बसवलं की फट राहते. जुनं झालेलं रबर फाटलेलं नसलं तरी दबून दबून चपटं होतं, आणि डिकी उघडल्यावरही फुगून वर येत नाही. त्याची परीक्षा सोपी आहे. रबरावर शंभराची नोट आडवी ठेवून डिकी लावायची आणि नोट हळूच ओढायची. चारही बाजूंनी सारखाच अडसर लागला पाहिजे. जिथे नोट सुळकन निघते तिथे रबर टेकत नाही. अशा वेळी रबर बदलण्याआधी डिकीच्या झाकणाखालचे छोटे रबरी ठोकळे आणि कुलपाचा आकडा बघावा. ते थोडे वर-खाली करता येतात आणि पुष्कळदा तेवढ्याने काम भागतं.

रबराच्या बाहेरून एक पन्हळ जाते. मागच्या काचेवरून आलेलं पाणी तिच्यातून दोन्ही बाजूंनी खाली उतरून बंपरवर पडायचं असतं. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांना ही पन्हळ माहीत हवी. त्याची बारीक पानं तिच्यात दाटतात, पाणी तुंबतं आणि रबराच्या डोक्यावरून आत उतरतं. अशा वेळी रबराचा काही दोष नसतो.

रबराखेरीज डिकीला आणखी पुष्कळ दारं असतात. टेल लॅम्प बसवायला पत्र्यात मोठी भोकं असतात आणि त्यांच्याभोवती फोमची किंवा रबराची गॅस्केट. नंबर प्लेटचा दिवा, कंपनीचा लोगो, वरचा ब्रेक लाइट, कुलूप, वायरिंग जिथून झाकणात शिरतं तिथलं ग्रोमेट, या प्रत्येक ठिकाणी पत्रा भोसकलेला असतो. पत्र्यांचे जोड कारखान्यात स्पॉट वेल्डने जोडून त्यांवर सीलंट भरतात. तो वाळून तडकला की डोळ्यांना न दिसणारी वाट तयार होते.

यातलं एक दार पुष्कळांनी आयुष्यात पाहिलेलं नसतं. सगळ्या काचा लावून गाडीचं दार जोरात ओढलं तरी कानावर फार दाब येत नाही, कारण आतली हवा मागून निघून जाते. बहुतेक गाड्यांत मागच्या बंपरआड, डिकीच्या बाजूला प्लॅस्टिकच्या चौकटीत रबरी झडपा असतात. डिकी श्वास सोडते ती इथून. या झडपा हवा बाहेर सोडतात आणि लगेच मिटतात. चौकटीची क्लिप तुटली, गॅस्केट सरकलं किंवा बंपरचं काम करताना चौकट तिरकी बसली की मागच्या चाकांनी उडवलेलं पाणी थेट आत येतं. अशी गाडी उभी असताना पावसात कोरडी राहते आणि हायवेवर तासभर चालली की भिजते. उभ्या गाडीत भिजते की चालत्या, हे आधी विचारून घेतलं की अर्धा शोध तिथेच संपतो.

काही पाणी तर फार वरून येतं. टपावरच्या अँटेनाच्या बुडाचं गॅस्केट गेलं की पाणी छताच्या अस्तराआडून सरकत मागच्या खांबातून डिकीत उतरतं. सनरूफ असलेल्या गाडीत त्याच्या चौकटीत पाणी पडणं अपेक्षितच असतं. ते कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जायचं असतं आणि मागच्या नळ्या याच खांबांतून उतरतात. नळी धुळीने किंवा पानाने बंद झाली की पाणी काठावरून ओसंडतं. अशी नळी कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने साफ करू नये, ती आतल्या आत निसटते. मऊ नायलॉनची दोरी आत सारावी.

चिपळूणजवळच्या एका गॅरेजमधलं एक काम माझ्या डोळ्यांसमोर आहे. गाडी एका निवृत्त शिक्षकांची. त्यांनी डिकीचं रबर नवं घातलं होतं, काचेच्या कडेने सिलिकॉनही भरून घेतलं होतं आणि पाणी पूर्वीइतकंच येत होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. मिस्त्रींनी आधी डिकी पूर्ण रिकामी केली. मॅट, नमदा, बाजूची अस्तरं, स्टेपनी, सगळं बाहेर. पत्रा फडक्याने पुसून कोरडा केला आणि प्रत्येक जोडावर, प्रत्येक दिव्याच्या मागे टाल्कम पावडर भुरभुरली. मागची सीट पाडून त्यांचा मदतनीस टॉर्च घेऊन आत शिरला. पाइप सरांच्या हातात दिला.

“सर, पाणी हळू सोडा. बारीक धार. आणि खालून सुरू करा, वर नेऊ नका मी सांगेपर्यंत.”

खालून सुरू करण्यात सगळी खुबी आहे. वरून पाणी सोडलं तर ते सगळ्या जोडांवरून वाहत खाली येतं आणि गुन्हेगार कोण ते कळत नाही. आधी बंपरची रेघ, मग दिवे, मग झाकणाची खालची कड, बाजू, काच आणि शेवटी टप, असं एकेका जागी काही मिनिटं थांबत जायचं. धार डाव्या दिव्याशी आली आणि थोड्या वेळाने आतून आवाज आला, “आलं, आलं!” सर पाइप ठेवून वाकले. दिव्याच्या खालच्या स्टडपासून पांढऱ्या पावडरीवर एक करडी, ओली रेघ नागमोडी उतरत होती आणि तिच्या टोकाशी एक थेंब मोठा होत होता. दिवा उतरवला. पूर्वी कधीतरी तो काढून पुन्हा बसवताना गॅस्केटची कड आत दुमडली गेली होती. मिस्त्रींनी जुनं फोम खरवडून काढलं, पत्रा साफ केला, ब्यूटाइलची मऊ वादी दिव्याभोवती लावली आणि नट हाताने सारखे आवळले. जोर लावला असता तर प्लॅस्टिकचा स्टड तुटला असता. मग पुन्हा पावडर, पुन्हा पाणी. आत पांढरं ते पांढरंच राहिलं.

असा शोध घेताना सुरक्षितपणा आधी बघावा. अमेरिकेत १ सप्टेंबर २००१ पासून बनणाऱ्या गाड्यांच्या बंद डिकीत आतून उघडणारी, अंधारात चमकणारी कडी सक्तीची झाली. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ती नसते. म्हणून मागची सीट पाडून वाट मोकळी ठेवल्याशिवाय कुणीही आत बसू नये आणि मुलांना तर बसवूच नये.

ज्याला एवढा खटाटोप जमत नाही त्याला उन्हाळा मदत करतो. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, आणि जिथे फट असेल तिथून धूळ आत ओढली जाते. मे महिन्यात कच्च्या रस्त्यावरून आल्यावर डिकी उघडून रबराच्या आतली कड न पुसता बघावी. रबर जिथे टेकतं तिथे पत्रा स्वच्छ असतो. जिथे धुळीची शेपटी आत गेलेली दिसते तिथूनच जूनमध्ये पाणी येणार. पावसाच्या आधी महिनाभर डिकी हे दाखवत असते, बघणारा पाहिजे.

डिकी मागचंही विसरत नाही. कुणीतरी मागून ठोकलेली गाडी डेंटर ओढून सरळ करतो, लांबी भरतो, पेंटर रंग मारतो आणि बाहेरून गाडी नव्यासारखी चमकते. आतल्या जोडावरचा सीलंट पुन्हा भरायचा राहून जातो, कारण तो गिऱ्हाइकाला दिसत नाही. म्हणून जुनी गाडी घेताना बॉनेटच्या आधी डिकी उघडावी आणि मॅट उचलावी. कारखान्यातल्या सीलंटची रेघ दोन्ही बाजूंना सारखी असते. एका बाजूला ती ब्रशने फासल्यासारखी दिसली, स्टेपनीच्या खड्ड्याच्या भिंतीला घडी दिसली किंवा अस्तराच्या कडेला रंगाचा फवारा दिसला, तर त्या गाडीचा इतिहास विकणाऱ्याने सांगितल्यापेक्षा मोठा आहे.

सिलिकॉनबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. दुकानात मिळणारं साधं सिलिकॉन, लावताना ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंजवतं. त्यावर पुढे रंगही धरत नाही. जोडासाठी गंज खरवडून, प्रायमर मारून पॉलियुरेथेन सीलंट भरावा आणि वर रंग द्यावा. दिव्यांसाठी ब्यूटाइल, झडपांसाठी नवं गॅस्केट किंवा क्लिप, वायरिंगसाठी नवं ग्रोमेट. अंदाजाने सगळीकडे फासलेलं सिलिकॉन पाण्याची खरी वाट झाकून टाकतं, आणि पुढच्या मिस्त्रीला आधी ते खरवडण्यात दिवस घालवावा लागतो.

खड्ड्याच्या तळाशी एक रबरी बूच असतं. कारखान्यात गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवतात आणि आत शिरलेला रंग निथळावा म्हणून पत्र्याला भोकं ठेवतात. मग ती बुचांनी बंद करतात. पाणी साचू लागलं की पुष्कळ जण हे बूच काढून फेकतात आणि प्रश्न सुटला असं मानतात. साचलेलं पाणी जातं खरं, पण चाकांनी उडवलेला चिखल त्याच भोकातून वर येतो, नमदा ओलाच राहतो, वेल्डच्या जोडांत गंज चढत जातो आणि काही गाड्यांत डिकीतच असलेली बॅटरी किंवा वायरींची कनेक्टरं त्या ओलीत सापडतात. शिवाय पाणी साचतंय हे दाखवणारी एकमेव जागाही आपण हाताने पुसून टाकतो. पाणी काढण्यापुरतं बूच काढावं, नमदा बाहेर काढून पंख्याखाली पूर्ण वाळवावा, बूच परत घट्ट बसवावं आणि मग पावडर नि बारीक धार घेऊन शोधाला लागावं. पाणी कुठून शिरतं ते सापडलं की दुरुस्ती बहुतेक वेळा एका गॅस्केटची किंवा वीतभर सीलंटची असते.