स्वयंपाकघरातील पुरावा

दिवसभर न्यायालयात खऱ्या गुन्ह्यांचा काथ्याकूट केल्यावर वकिलाने रात्री पुन्हा कल्पित गुन्ह्यांच्या कथा वाचाव्यात, याचे आमच्या घरी सर्वांनाच नवल वाटते. मला मात्र त्यात विश्रांती लाभते. वडिलांच्या कपाटातील बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांनी मला हा छंद लावला. पुढे इंग्रजीतील एक निराळीच जात हाती आली. लहानसे गाव, गावाबाहेर शेत, गोठा, कोंबड्या, मुरंब्याच्या बरण्या आणि त्या संथ जीवनात अवचित घडलेला एक खून! रक्तपात फारसा दिसत नाही. पोलीस गोंधळतात आणि शेजारची एखादी चौकस बाई, कोणाच्या घरी कोणती वस्तू कोठे असते एवढ्या ज्ञानावर, खुनी हुडकून काढते. अगाथा ख्रिस्तीने १९३० साली जिला कादंबरीत आणले, त्या मिस मार्पलचे सारे शास्त्र हेच.

शेवटचे पान मिटताना मन निवांत होते. खुनी सापडतो, गाईंच्या धारा वेळेवर निघतात, जग पूर्ववत होते. परंतु कादंबरी जेथे संपते, तेथेच आम्हा वकिलांचे काम सुरू होते. बाईने ओळखलेले सत्य न्यायालय ऐकून घेईल काय?

हा प्रश्न सुझन ग्लास्पेल या अमेरिकन लेखिकेला एका खऱ्या खटल्यात भेटला. १९०० सालच्या डिसेंबरात, आयोवा राज्यातील इंडियानोला गावाजवळच्या शेतावर, जॉन हॉसॅक या शेतकऱ्यावर झोपेतच कुऱ्हाडीचे घाव घालून त्याचा खून करण्यात आला. आरोप आला पत्नी मार्गारेटवर. ग्लास्पेल तेव्हा तरुण वार्ताहर होत्या. खटल्याची वार्तापत्रे त्यांनीच लिहिली. १९०१ साली मार्गारेटला जन्मठेप झाली. १९०२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि १९०३ सालच्या फेरसुनावणीत ज्यूरीचे एकमत झाले नाही. त्या ज्यूरीत एकही स्त्री नव्हती.

या अनुभवातून १९१६ साली ग्लास्पेल यांची 'ट्रायफल्स' ही एकांकिका आणि १९१७ साली 'अ ज्यूरी ऑफ हर पीअर्स' ही कथा जन्मली. तीत शेतघराच्या माडीवर शेरीफ व सरकारी वकील पुरावा शोधत फिरतात. स्वयंपाकघरात त्यांना बायकी पसाऱ्यापलीकडे काही दिसत नाही. खाली थांबलेल्या दोन स्त्रियांना मात्र सारे दिसते. गोधडीचे सरळ टाके एकाएकी वेडेवाकडे झालेले, पिंजऱ्याचे दार मोडलेले आणि शिवणाच्या पेटीत रेशमी कापडात गुंडाळून ठेवलेला, मान मुरगळलेला पक्षी! त्या पक्ष्याच्या गाण्याखेरीज त्या घरात दुसरा आनंद नव्हता. नवऱ्याने तोही हिरावला, हे त्या उमजतात आणि पक्षी लपवून टाकतात.

वकील या नात्याने मला याचे समर्थन करता येत नाही. गुन्हेगाराला वाचविण्यासाठी पुरावा नाहीसा करणे हा आपल्या कायद्यानेही गुन्हाच आहे. परंतु प्रश्न येथे संपत नाही. तोच पक्षी फिर्यादी पक्षाला खुनाचा हेतू पुरविणारा होता आणि तोच त्या बाईच्या वर्षानुवर्षांच्या छळाचा एकमेव साक्षीदारही होता. न्यायालय त्याचा पहिला अर्थ तेवढा वाचील आणि दुसरा वाचणारे तेथे कोणी नसेल, हे त्या स्त्रिया जाणून होत्या. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी अखंड हवी, हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली शरद सारडा खटल्यात पाच कसोट्यांनी बांधून दिले. तत्त्व निःसंशय थोर आहे. पण कडी म्हणून काय उचलायचे आणि क्षुल्लक म्हणून काय टाकायचे, हे उचलणाऱ्याच्या नजरेवरच अवलंबून राहते.

साक्षीदार ज्यात उभा राहतो, त्यालाही आपण पिंजराच म्हणतो. त्यात उभी राहिलेली एखादी बाई घड्याळातील वेळ न सांगता, "दुधाला विरजण लावले होते, तुळशीपाशी दिवा लावायचा होता," अशी सुरुवात करते. "मुद्द्याचे बोला," असे कोणी तिला दरडावू लागले, की मी उठून विनंती करतो, "बाईंना त्यांच्या पद्धतीने सांगू द्यावे." पुष्कळदा मुद्दा त्या विरजणापाशीच असतो.