गाडीताई, गाडीताई, दार उघड!

जानेवारीतली सकाळ. नगर रोडवर सणसवाडीत चहाला थांबलो. कंपन्यांच्या बसेस, ट्रेलर, हातात कटिंग. इथली थंडी म्हणजे काचेवर दव, बस्स! तरी गाडीचं दार मी जरा जपूनच उघडतो. गेल्या हिवाळ्यात मनालीत हेच दार गोठलं होतं. मी दिला जोरात हिसका आणि हँडल हातात! बिल विचारू नका.

शेजारी बसलेल्या ट्रकवाल्या काकांना हा किस्सा सांगितला. श्रीनगरपर्यंत फेऱ्या मारलेला माणूस. पोटभर हसले. ‘सायेब, दार वढायचं नसतं. आधी बाहेरून दाबायचं, बर्फ तडकतो.’

फंडा सोपाय. गाडी धुतली किंवा बर्फ पडला की दाराच्या कडेच्या रबरात पाणी राहतं. रात्री पारा शून्याखाली गेला की रबर पत्र्याला घट्ट चिकटतं. म्हणून रात्रीच ते कोरडं पुसायचं आणि वर सिलिकॉन स्प्रे नाहीतर ग्लिसरीनचा हात फिरवायचा. तेल मात्र नको, रबर फुगतं. आणि उकळतं पाणी? अजिबात नाही! काच तडकू शकते, शिवाय तेच पाणी पुन्हा गोठतं.

आपल्याकडे याची गरज जवळजवळ नाहीच. महाबळेश्वरला वेण्णा लेकपाशी कधीकधी गाड्यांच्या टपावर दव गोठतं, तेवढंच. पण काकांनी केबिनमधून ग्लिसरीनची अर्धी बाटली आणून दाखवली, तेव्हा राहवेना. पुढे शिक्रापूरला मेडिकलमध्ये मीही एक घेतली. मेडिकलवाल्यानं विचारलं, ‘ओठ फुटलेत का?’

म्हटलं, ‘नाही, गाडीला लावायचंय.’